आखाजीची नेलपॉलिश टिकवायची तर

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी हौसेनं लावलेली नेलपॉलिश मांड्यांचं पीठ मळतानाच टोकाला उडते. दोष बहुतेकदा नखावरच्या तेलकटपणाचा. म्हणून नखं कोरी असली तरी रिमूव्हरच्या कापसानं पुसून घ्या. मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, लावा; तो सुकला की रंगाचे दोन पातळ हात द्या. एकच जाडजूड हात वरून सुकतो, आत ओलाच राहतो. प्रत्येक हाताला ब्रश नखाच्या पुढच्या कडेवरूनही फिरवा, म्हणजे टोक झाकलं जातं; हे बहुतेकजणी विसरतात. शेवटी वर टॉप कोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर. बाटली खळाखळा हलवू नका, तळव्यांत फिरवा, नाहीतर बुडबुडे येतात. जळगावच्या वैशाखी दुपारी तर नेलपॉलिश ब्रशवरच घट्ट होते, त्यामुळे रात्री भांडी आटोपल्यावरच बसा.