हैतीची खतावणी कशी लिहावी

हैतीची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं: पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश. मी तीस वर्षं कर्ज विभागात काढली. 'कूळ थकलंय' एवढाच शेरा मारून कोणी फाइल पुढे सरकवली, की आमचे साहेब विचारायचे, "मूळ कागद कुठाय?" निवृत्तीनंतर हैतीचा मूळ कागद मी स्वतःच शोधून वहीत मांडला. तुम्हालाही मांडायचा असेल तर साधी आखीव वही पुरे. पेन नको, पेन्सिल घ्या. खाडाखोड बरीच होते.

पहिल्या पानावर नकाशा काढा. हिस्पॅनिओला बेट, त्याचा पश्चिमेकडचा साधारण तिसरा हिस्सा म्हणजे हैती, 27,750 चौरस किलोमीटर. उरलेला डॉमिनिकन रिपब्लिक. हे पान सहज उलटता येईल असं ठेवा. कोणी 'तिथे वादळंच फार' म्हणालं की शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं. वादळं त्यालाही चुकत नाहीत, तरी त्याची अवस्था हैतीसारखी नाही.

मग आरंभीची शिल्लक. ती 2010 च्या भूकंपापासून धरू नका, 1789 पासून धरा. तेव्हा या भागाचं नाव सँ-दोमँग, आणि ती फ्रान्सची सगळ्यांत श्रीमंत वसाहत. युरोपातली सुमारे 40 टक्के साखर इथली. राबणारे गुलाम जवळपास 5 लाख. उसाच्या मळ्यात माणसं इतक्या भराभर मरायची, की आफ्रिकेतून नवी आणणं कधी थांबलंच नाही. 'समृद्ध वसाहत' असं लिहून पुढे जाऊ नका. जमा कोणाच्या खात्यावर झाली तेही लिहा.

ऑगस्ट 1791 चा गुलामांचा उठाव, त्यांचा नेता तुसँ लुव्हर्त्यूर याचा फ्रान्सच्या तुरुंगातला मृत्यू, फ्रेंच सैन्याला हरवणारी 18 नोव्हेंबर 1803 ची व्हेर्तिएरची लढाई, 1 जानेवारी 1804 ला सेनापती देसालिनने केलेली स्वातंत्र्याची घोषणा: या नोंदी एकेका ओळीत उरका. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना पानंच्या पानं मिळालेली आहेत. आपल्याला घाई आहे ती 1825 ला पोचायची.

या सालाला चार पानं सोडा. 17 एप्रिल 1825 ला फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने फर्मान काढलं: स्वातंत्र्याला मान्यता देतो, पण वसाहतीच्या जुन्या मालकांच्या भरपाईपोटी 15 कोटी फ्रँक द्या, पाच वार्षिक हप्त्यांत. शिवाय फ्रेंच जहाजांना बंदरात निम्मीच जकात. कागद घेऊन 14 युद्धनौका आल्या. हैतीचा अध्यक्ष बॉयेर याने सही केली. भरपाई कशाची? मळ्यांची, आणि मळ्यांवरच्या माणसांचीही. म्हणजे जी माणसं लढून सुटली, त्यांनीच आता स्वतःची किंमत भरायची.

समासात तुलना लिहा. 1803 मध्ये फ्रान्सने लुइझियानाचा अवाढव्य मुलूख अमेरिकेला विकला तो 8 कोटी फ्रँकला. तोही विकला, कारण हैतीत सैन्य गारद झाल्यावर तो ठेवून उपयोग उरला नव्हता.

पहिला हप्ता 3 कोटींचा, आणि तिजोरीत तेवढे नव्हते. म्हणून हैतीने पॅरिसच्याच सावकारांकडून 3 कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी 60 लाख आधीच कापून घेतले. कागदावर शंभर, हातात ऐंशी. ही रीत कोणाला नव्याने सांगायला नको. तेव्हा इथे दोन खाती उघडा, एक भरपाईचं आणि एक कर्जाचं. मी आधी एकच उघडलं होतं, आणि तेरीज काही केल्या जुळेना.

दुसरी चूक 1838 ची. त्या वर्षी एकूण रक्कम 9 कोटींवर आली. मी सरळ 'सूट 6 कोटी' लिहून बसले. मग डोक्यात आलं, जे देणं मुळात लागतच नव्हतं त्यातली सूट कसली? खोडलं. हे पैसे निघाले कॉफीवरच्या निर्यात करातून, म्हणजे डोंगरउतारावर चार झाडं लावणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून. शाळा, रस्ते, दवाखाने या रकान्यांत त्या काळी लिहायला फारसं काही सापडणार नाही. त्या देण्यापायी काढलेली कर्जं फिटता फिटता 1947 उजाडलं.

किल्ली कोणाकडे होती तेही नोंदवा. 1880 मध्ये हैतीची 'राष्ट्रीय' बँक निघाली, तिचे मालक पॅरिसचे. डिसेंबर 1914 मध्ये अमेरिकी नौसैनिक उतरले आणि तिच्यातलं 5 लाख डॉलरचं सोनं उचलून न्यू यॉर्कला घेऊन गेले. पुढच्या वर्षी अख्खा देशच ताब्यात घेतला, तो 1934 पर्यंत.

आता घरच्यांची पानं. ती गाळलीत तर वही खोटी पडेल. बॉयेरनेच 1826 चा कायदा करून शेतकऱ्यांना मळ्यांना जखडलं. दुव्हालिए बापलेकांनी 1957 ते 1986 राज्य केलं, तोंतों माकूत नावाच्या आपल्या सशस्त्र टोळीच्या जोरावर. तिजोरी धुऊन लेक पळाला, तो फ्रान्सलाच.

भाताची नोंद छोटी आहे, पण चुकवू नका. 1990 च्या दशकात परदेशी तांदळावरची जकात सुमारे 3 टक्क्यांवर आणायला लावली. अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला शेतकरी बसला. 2010 मध्ये बिल क्लिंटन यांनी ही चूक होती असं कबूल केलं. कबुलीची रक्कम रकान्यात शून्य.

12 जानेवारी 2010 च्या भूकंपाशेजारी त्याच वर्षीचा चिलीचा भूकंप मांडा. हैतीत तीव्रता 7.0, मृत्यू लाखाच्या वर. चिलीत 8.8, मृत्यू पाचशेच्या आसपास. फरक बांधकामाचा आहे, आणि तो शोधायला तुम्हाला कॉफीच्या पानावर परत जावं लागेल. ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेलं, कॉलरा पसरला आणि जवळपास 10 हजार माणसं गेली. माफी आली 2016 मध्ये.

2021 मध्ये अध्यक्षांची हत्या झाली, पुढे राजधानीचा बराचसा भाग टोळ्यांच्या हाती गेला. वर्तमानपत्र सुरू होतं ते इथून. माझ्या वहीत हे पान एकतिसावं आहे.

शेवटचं पान वसुलीचं. एप्रिल 2003 मध्ये अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे परतफेड मागितली: 2,168 कोटी 51 लाख 35 हजार 571 डॉलर आणि 48 सेंट. त्या 48 सेंटांवर लोक खूप हसले. पुढच्या फेब्रुवारीत आरिस्तीद यांना देश सोडावा लागला. मी मात्र रक्कम सेंटांसकट लिहिली, आणि पुढे 'येणे बाकी'.