पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवताय? मग या चुका टाळा

पेन ड्राइव्हवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, चालू पण झालं, तासभर बसून सगळं सेटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर वायफायचा पासवर्ड नाही, डाऊनलोड केलेल्या फाइल्स नाहीत, सगळं कोरं. असं झालं तर ड्राइव्ह खराब आहे असं समजू नका. लाइव्ह यूएसबीमधली (म्हणजे इन्स्टॉल न करता थेट ड्राइव्हवरून चालणारी) सिस्टीम ही एक कॉम्प्रेस केलेली, फक्त वाचता येणारी फाइल असते, तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि मशीन बंद केलं की जातात. ते टिकवायचे असतील तर ड्राइव्ह बनवतानाच पर्सिस्टन्स (बदल ड्राइव्हवर साठवायची सोय) चालू करावं लागतं, रुफस या बूटेबल ड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उबंटूची आयएसओ (सिस्टीमची इमेज फाइल) निवडली की त्याचा स्लायडर दिसतो. पण पर्सिस्टन्स असलं म्हणून सगळं अपडेट मारत बसू नका, जुन्या फाइल्स तशाच राहतात, नव्या वर साठत जातात आणि जागा भराभर संपते. रोज वापरायचं असेल तर साध्या डिस्कवर करतात तसं सरळ ड्राइव्हवरच फुल इन्स्टॉल करा.

आणि फुल इन्स्टॉल करतानाच सगळ्यात मोठी चूक होते, जी मी स्वतः भोगलीय. इन्स्टॉलरमध्ये मी नीट बघून पेन ड्राइव्हच निवडला होता, तरी ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) जाऊन बसलं लॅपटॉपच्या आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे बूटच्या फाइल्स असतात त्या भागात. काम झालं, ड्राइव्ह काढला, लॅपटॉप चालू केला तर काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. पोटात गोळाच आला, कारण घरच्यांचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते. खरं तर विंडोज जागेवरच होतं, बूट मेनू उघडून विंडोज बूट मॅनेजर निवडलं आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तोच पहिल्या नंबरवर आणला की झालं, पण हे कळेपर्यंत अख्खी रात्र गेली. म्हणून सांगतो, इन्स्टॉल करण्याआधी बायोसमधून आतली डिस्क बंद करा, तशी सोय नसेल आणि उघडता येत असेल तर डिस्क काढूनच ठेवा. डिस्क दिसलीच नाही तर इन्स्टॉलर तिला हात लावणार कसा?

हाच ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बूट होत नाही त्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. बूटलोडर पहिल्याच मशीनमध्ये राहिलेला असतो. ग्रब परत ड्राइव्हवर टाका, आणि टाकताना रिमूव्हेबलचा ऑप्शन द्या, म्हणजे ते कुठलंही यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असलेलं मशीन आपणहून शोधतं त्या ठरलेल्या जागी बसतं.

आता स्पीड. पाकिटावर लिहिलेला १०० एमबी प्रति सेकंद वगैरे आकडा एक मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो, ओएस मात्र ४ केबीचे हजारो छोटे तुकडे इकडे तिकडे लिहीत राहते आणि तिथेच साधा पेन ड्राइव्ह गुडघे टेकतो. ब्राउझर उघडला की माउस अडकतो, ड्राइव्हचा दिवा सतत लुकलुकतो, ही त्याचीच खूण. ड्राइव्हवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवू नका, त्याऐवजी झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारी सोय) वापरा, एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये नोअटाइम टाका म्हणजे फाइल वाचली की दरवेळी तिची वेळ लिहिली जात नाही, आणि पोर्ट यूएसबी ३ आहे ना ते बघा, कारण २.० वर प्रत्यक्षात ३०-४० एमबीच्या वर काही मिळत नाही. बजेट असेल तर माझं स्पष्ट मत, पेन ड्राइव्ह सोडा आणि यूएसबी केसमध्ये एक छोटी एसएसडी घ्या.

आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून बूट होत नाही, ती रुफस किंवा तसंच दुसरं सॉफ्टवेअर एचर यांनी लिहावी लागते, आणि त्याआधी चेकसम (फाइल नीट डाऊनलोड झाली का ते तपासायचा कोड) जुळवा. लिहून झाल्यावर विंडोज म्हणतं की डिस्क फॉरमॅट करा, तिथे चुकूनही हो म्हणू नका, विंडोजला ते पार्टिशन वाचता येत नाही एवढंच.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं बायोसचं सेटिंग) बंद करायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का बघा, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर विंडोज तीच मागत बसेल. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नसेल तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंदच झालेलं नसतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरा आणि शट डाऊन करा.

आणि चालू असताना ड्राइव्ह ओढू नका, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलात तर धक्का लागूनही निघतो तो. असा निघाल्यावर पुढच्या वेळी लिनक्स अर्धवट अडकून इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट (कमांड टाकायची काळी स्क्रीन) आला तर लगेच फॉरमॅट करायला धावू नका, लिनक्सच्या पार्टिशनवर एफएससीके (डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारी कमांड) चालवा, विचारेल त्याला हो म्हणा, बहुतेक वेळा सिस्टीम परत उठते, आणि उठली की पहिल्यांदा फाइल्सचा बॅकअप घ्या, अपडेट वगैरे नंतर.