बोडोनी लावताय? आधी बारीक रेघ मोजा

उभी दांडी बोटाएवढी जाड आणि आडवी रेघ केसाएवढी बारीक, असा इंग्रजी फॉन्ट लग्नपत्रिकेवर हवा अशी फर्माईश आता सर्रास येते. बोडोनी, डीडो ही त्याच घराण्यातली मंडळी, प्लेफेअर डिस्प्ले त्यांच्या जवळचा. ते कसे वापरावेत हे शोधायला जा, सगळीकडे एकच सल्ला: ‘मोठ्या आकारात वापरा.’ अहो, पण मोठा म्हणजे किती? ते कुणी सांगत नाही.

मजकूर तपासलेला आहे, कागदाचं माप ठरलंय, असं धरून चालतो. फॉन्ट फुकट हवा असेल तर गुगल फॉन्ट्सवरून बोडोनी मोडा उतरवून घ्या.

कागद गुळगुळीत घ्या, आर्ट पेपर किंवा आर्ट कार्ड. हल्ली हातकागदावर बोडोनी छापून मागतात. मी सरळ नाही म्हणतो. या अक्षरांचा जन्मच गुळगुळीत कागदाशी बांधलेला आहे. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढायचा, तेव्हा कुठे त्याने 1757 साली छापलेल्या, रोमन कवी व्हर्जिलच्या पुस्तकात बारीक रेघा स्वच्छ उठल्या. पुढे पार्मात बोडोनीने आणि पॅरिसात डीडो घराण्याने त्या रेघा आणखी बारीक केल्या. खरबरीत कागदावर ती रेघ तुटणारच.

आता खरं काम. माझे हात इथेच पोळलेत. गडद मरून रंगावर पांढऱ्या अक्षरात नवरीचं नाव होतं, आकार 14 पॉइंट. नाव इंग्रजी ‘एन’ने सुरू होणारं. बोडोनीच्या कॅपिटल ‘एन’मध्ये दोन्ही उभ्या दांड्या बारीक आणि फक्त तिरकी जाड असते. छापून आलं तेव्हा उभ्या दांड्या मरूनमध्ये बुडालेल्या. नवरीच्या काकांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, “नावाआधी ही तिरकी रेघ कशाला?” सगळा गठ्ठा माझ्या खर्चाने पुन्हा छापला.

स्क्रीनवर झूम करून पाहिलं होतं ना? पाहिलं होतं. तिथेच फसलो. झूममध्ये सगळंच सुंदर दिसतं.

तेव्हापासून मी अक्षर 100 पॉइंटला लावतो, कर्व्ह करतो, म्हणजे अक्षराचा साधा आकार बनवतो, आणि सगळ्यात बारीक रेघेवर एक चौकट काढून तिची जाडी पॉइंटमध्ये बघतो. समजा 2 पॉइंट आली. म्हणजे रेघ आकाराच्या 2 टक्के. तेच अक्षर 14 पॉइंटला लावलं की रेघ उरते 0.28 पॉइंट, साधारण 0.1 मिलिमीटर. पांढऱ्यावर नुसत्या काळ्या शाईत ती कशीबशी निभावते. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर, मेली. चार रंगांचा मरून म्हणजे चार शाया एकावर एक, प्रत्येकीची छपाईची प्लेट वेगळी. त्या चारही प्लेटांनी तेवढीच फट मोकळी सोडायला हवी. एक प्लेट 0.1 मिलिमीटर सरकली की फट बंद. शाई पसरते ती वेगळीच.

माझे आकडे पक्के आहेत: पांढऱ्यावर एकरंगी असेल तर रेघ किमान 0.25 पॉइंट, रिव्हर्समध्ये 0.5, आणि जमीन, म्हणजे अक्षरामागचा रंग, चार रंगांची असेल तर 0.75. वरच्या उदाहरणात 0.75 मिळवायला अक्षर 38 पॉइंटचं हवं. तेवढी जागा नसेल तर फॉन्ट बदला, किंवा जमीन एकाच स्पॉट कलरमध्ये, म्हणजे आधीच त्या रंगाच्या बनवलेल्या एका शाईत, करून घ्या.

‘मग बोल्ड करा’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. या घराण्यात बोल्ड केलं की जाड दांडी आणखी जाड होते, बारीक रेघ जवळपास तिथेच राहते. अक्षराला आउटलाइन चढवणं तर त्याहून वाईट. अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, बुजतात, टोकं बोथट होतात, मग बोडोनी घेतलाच कशाला?

उपाय फॉन्टच्या आतच असतो. बोडोनी मोडामध्ये ऑप्टिकल साइझ नावाची सोय आहे, 6 पासून 96 पर्यंत. छोट्या आकड्याला रेघा जाड, मोठ्याला बारीक. पत्त्याच्या ओळीला लहान आकडा, नावाला मोठा. सॉफ्टवेअर ते आपोआप करेल या भरवशावर राहू नका. लावल्यावर रेघ पुन्हा मोजा.

अक्षरांमधलं अंतर कॅपिटलमध्ये थोडं सैल, लहान लिपीत जसं आहे तसंच.

सोबत मराठी असेल तर देवनागरीतही बोडोनी शोधत बसू नका. रोमनमध्ये जाडी उभ्या दांडीत असते. आपल्या बोरूच्या वळणात ती तिरक्या फटकाऱ्यात येते, तीही रोमन टाकाच्या उलट दिशेला. जाड-बारीक देवनागरी हवीच असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन आहे, पण फक्त ठळक नावापुरता. ‘श्री’ आणि ‘द्ध’ लावून बघा, पोटं बुजताहेत का ते लगेच कळतं. बाकी मजकुराला ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा मुक्ता पुरे.

प्रूफ खऱ्या मापाचं आणि खऱ्याच कागदावर मागा. लेझर प्रिंटवर सही करू नका, ऑफसेटवर चार रंग कसे बसतील हे त्यावर कळत नाही. मशीन सुरू होताना तिथे उभे राहा, रंग जुळल्यावरचा पहिला ताव घ्या आणि भिंग लावून आधी ‘एन’ बघा. मग लहान ‘ई’ची आडवी रेघ. ती दोन्ही शाबूत असतील तरच पुढचे ताव सोडायला सांगा.