केळी वेफर्सचा धंदा सरकारी धोरणात किती बसतो? मोजायला बसण्याआधीची तयारी

बँकेचा फील्ड ऑफिसर, मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग आणि योजनेच्या फाइलवर सही करणारे साहेब हल्ली फिरून फिरून एकच विचारतात: तुमचा धंदा सरकारच्या धोरणात कुठे बसतो? जळगाव जिल्ह्यातल्या सावदा, फैजपूर, रावेरकडचे वेफर्सवाले यावर उद्यमचा दाखला, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा कागद, पुढे करतात. तो लागतोच, पण तेवढ्याने उत्तर होत नाही. उत्तर घरचं घरी काढता येतं, फक्त आधी सामान जमवावं लागतं.

पहिलं सामान म्हणजे एक जाड वही. तिच्यात तीन रकाने पाडा: कायदा, योजना, दिशा. मोडलं तर दंड किंवा टाळं, ते कायद्यात. घेतलं तर पैसा आणि नाही घेतलं तर कुणी विचारत नाही, ते योजनेत. सरकारला पुढच्या काही वर्षांत जे व्हायला हवंय, म्हणजे वीज कमी, प्लास्टिक कमी, शेतमालावर गावाजवळच प्रक्रिया, ते दिशेत. गुण तीनच ठेवा. करतच नाही त्याला 0, करतो पण कागद नाही त्याला 1, करतो आणि कागद समोर ठेवू शकतो त्याला 2. कायद्याच्या रकान्यात एक जरी शून्य निघालं तर पुढची बेरीज करूच नका. 'तुमचा उद्योग इतके टक्के धोरणसुसंगत' असा रंगीत अहवाल विकणारे सल्लागार नेमकं इथेच घोळ घालतात. अन्न परवान्याचं शून्य आणि छतावरच्या सोलरचे दोन गुण एकाच बेरजेत ढकलतात.

आता उद्यमचा दाखला काढा आणि नीट वाचा. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा बदलल्या आहेत: सूक्ष्म उद्योगाला यंत्रसामग्री अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत, लघुला 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत. त्याहून महत्त्वाचं, नोंदणी उत्पादक म्हणून आहे की व्यापारी म्हणून, ते पाहा. आपल्याकडे केळीच्या व्यापारातून वेफर्समध्ये आलेले पुष्कळ, आणि दाखल्यावर व्यापार तसाच राहिलेला. व्यापाऱ्याला उद्यमचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. अडकलेल्या पैशासाठी जे संरक्षण आहे (खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे) ते त्याला मिळत नाही. हाच नियम उलट बाजूनेही लागतो. तुम्हाला पाकिटं छापून देणारा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल आणि त्याचं बिल मुदतीबाहेर थकलं, तर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच धरला जातो. म्हणून येणी आणि देणी, दोन्हींच्या तारखांची यादी सीएकडून आधीच मागवून ठेवा.

कढईपाशी जरा जास्त वेळ द्या, कारण वेफर्सच्या धंद्यात कायदा आणि दिशा एकाच जागी भेटतात ती हीच. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात. ती 25 टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणात वापरत असाल तर नोंदही ठेवावी लागते: कोणतं तेल, किती वापरलं, किती टाकलं, कधी आणि कुणाला दिलं. तेल काळं पडून फेस धरायला लागला की बदलायचं, हा आचाऱ्याचा अंदाज बहुधा बरोबरही असतो, पण तपासणीला अंदाज चालत नाही. ही संयुगं मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. उरलेलं तेल हातगाडीवाल्याला स्वस्तात देऊ नका. ते अधिकृत संकलकाला द्या आणि पावती फाइलला लावा. त्याचं बायोडिझेल होतं, आणि 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वापरलेलं खाद्यतेल कच्चा माल म्हणून धरलेलं आहे. एका पावतीत दोन रकाने भरतात.

कायद्यातलं बाकीचं पटकन उरका: पाकिटावर 14 अंकी अन्न परवाना क्रमांक, वजन, किंमत, तारखा, दुकानात प्लास्टिकची कॅरीबॅग नको, प्रदूषण मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरव्या, पांढऱ्या वर्गांपैकी आपण कोणत्या, ते लेखी. सोलायला बसणाऱ्या बायकांची हजेरी आणि मजुरी मात्र घाईत तपासू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. बहुतेक ठिकाणी ती नसते. असली तर मालकाच्या नात्यातल्या बायकांच्या सह्यांवर उभी असते, आणि अशा समितीला मी गुण देणार नाही.

योजनांसाठी जळगाव जिल्ह्याला एक आयती बाजू आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये आपलं पीक केळी, आणि जळगावच्या केळीला 2016 पासून भौगोलिक मानांकनही आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरलेलं होतं. आज अर्ज घेतात का, हे कृषी कार्यालयात विचारूनच वहीत लिहा. राज्याची औद्योगिक सवलत तालुक्याच्या गटानुसार बदलते, तेव्हा यावलच्या पाहुण्याला काय मिळालं यावरून आपला हिशेब मांडू नका. जिल्हा उद्योग केंद्रातून आपल्या तालुक्याचा गट लिहून आणा.

दिशेच्या रकान्यासाठी बारा महिन्यांची वीजबिलं, इंधनाचा खर्च आणि सालींची विल्हेवाट एवढं पुरे. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांचा, अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे अशा कंपनीला माल देत असाल तर हेच आकडे उद्या तुमच्याकडे मागितले जातील. वहीच्या पहिल्या पानावर मोजणीची तारीख टाका. केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत आणि राज्याचा साधारण मार्चमध्ये येतो, तेव्हा पुढची मोजणी एप्रिलमध्ये धरा.