संमतीने घटस्फोट घेताना मुलाचा ताबा आणि पोटगी कागदावर कशी उतरवायची

परस्पर संमतीच्या घटस्फोटात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे संमतीच्या अटी, वकिलांच्या बोलीत कन्सेंट टर्म्स. पण एकदा पैशांचा आकडा जुळला की दोन्ही घरं सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मुलाबद्दलचा परिच्छेद आधीच्या कुठल्यातरी प्रकरणातून उचलून डकवला जातो. पुढे त्याच चार ओळींवरून शाळेच्या गेटवर वाद होतात, दरखास्ती (आदेशाची अंमलबजावणी मागणारे अर्ज) दाखल होतात आणि मूल दोन्हीकडून ओढलं जातं. हे टाळता येतं. म्हणून इथे महाराष्ट्रातल्या कोर्टात हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली चालणारी प्रक्रिया थोडक्यात सांगितली आहे आणि जास्त जागा मुलाला दिली आहे.

अर्ज करण्याआधी

कलम १३ब खाली दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. भाडं परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहणारी जोडपीही यात बसू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे रजिस्टर पद्धतीने झालं असेल तर त्या कायद्याचं कलम २८ लागतं. प्रक्रिया जवळपास तीच. ख्रिश्चन, पारशी आणि मुस्लिम जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. गोव्यात लग्न झालं असेल तर तिथला पोर्तुगीज काळापासूनचा कायदा बघावा लागतो, त्यामुळे तिथल्याच वकिलाला विचारा.

नोटरीकडे स्टँपपेपरवर केलेली फारकत किंवा काडीमोड म्हणजे घटस्फोट नव्हे. काही समाजांत रूढीने चालत आलेली फारकत कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. ते न करता कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न बेकायदेशीर ठरण्याचा धोका असतो आणि त्याची झळ दुसऱ्या बायकोला आणि तिच्या मुलांना बसते.

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, सामनेवाला जिथे राहतो किंवा अर्जदार पत्नी सध्या जिथे राहते, यापैकी कुठेही. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे; जिथे नाही तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), दोघांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, मुलाचा जन्मदाखला, पगाराच्या पावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे आणि घर, गाडी, कर्ज यांची कागदपत्रं आधीच गोळा करा. सगळं संमतीने होतंय म्हणून उत्पन्नाचे कागद मागायला लोक संकोचतात. मागा. समोरच्याची खरी कमाई माहीत नसताना मुलासाठी ठरवलेला आकडा हा अंदाजच असतो.

सहा महिन्यांचा काळ

अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी कोर्टापुढे पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. मधल्या काळात कोर्टातले विवाह समुपदेशक दोघांना, गरज पडली तर वेगवेगळं, भेटतात. कुणावर दबाव आहे का आणि अटी दोघांनाही कळल्या आहेत का, हे ते बघतात. या भेटीला जाताना अटींचा मसुदा स्वतः वाचून जा. विचारल्यावर अटीच सांगता आल्या नाहीत, तर तारीख पुढे जाऊ शकते.

हे सहा महिने माफ होऊ शकतात. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालानुसार कोर्ट ते माफ करू शकतं, पण त्यासाठी दोघं दीड वर्षापासून वेगळे राहत असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व मुलाचा ताबा यांचा प्रश्न खरोखर मिटलेला असावा. असा अर्ज फसतो तो बहुतेकदा वेगळं राहायला लागल्याची तारीख दाखवणारा एकही कागद सोबत नसल्यामुळे. भाडेकरार, बदलीचा आदेश, बदललेल्या पत्त्याचं वीजबिल असं काहीतरी जोडा.

अंतिम आदेशापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच दिवशी हातात देऊ नका आणि घेणाऱ्यानेही ती सगळी शेवटावर ढकलू देऊ नये. काही भाग अर्ज दाखल होताना आणि उरलेला अंतिम जबाबाच्या दिवशी कोर्टातच डिमांड ड्राफ्टने, अशी विभागणी अटींत लिहा. ४९८अ चा, म्हणजे पत्नीच्या छळाचा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा दाखल असेल तर ‘तक्रार मागे घेईन’ एवढं वाक्य पुरत नाही. गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्यासाठी संमतीचं प्रतिज्ञापत्र कोण, किती दिवसांत देणार, हे लिहा.

मुलाचा ताबा

पाच वर्षांखालचं मूल सामान्यपणे आईजवळ राहावं, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं. पाचवा वाढदिवस झाला की ताबा आपोआप वडिलांकडे जातो, हा गैरसमज आहे. कोर्ट मुलाचं हित बघतं: शाळा, दिवसभर सांभाळणारं माणूस, भावंडं, आतापर्यंत मुलाचं कोण करत आलं. वडिलांचा पगार मोठा आहे म्हणून ताबा मिळत नाही आणि आई नोकरी करते म्हणून जात नाही. मुलाचं मत विचारायला वयाची पक्की अट नाही. ते समजून बोलण्याइतकं मोठं आहे का, हे न्यायाधीश ठरवतात. मुलाला पढवून नेलं तर अनुभवी न्यायाधीशांच्या आणि समुपदेशकांच्या ते लवकर लक्षात येतं, आणि पढवणाऱ्याचंच नुकसान होतं.

आता भेटीचं कलम. पुढे हमखास भांडण लावणारं वाक्य असं असतं: ‘वडिलांना परस्पर सोयीनुसार मुलाला भेटता येईल.’ सोय कुणाची, हे ठरवणारं कुणी नसतं. त्याऐवजी असं लिहा:

‘मूल आईजवळ राहील. वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता आईच्या सोसायटीच्या गेटवरून मुलाला घेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता तिथेच सोडतील. आजारपण किंवा परीक्षा असेल तर आई ४८ तास आधी व्हॉट्सॲपवर कळवेल; अचानक आजारपण आल्यास डॉक्टरांची चिठ्ठी पाठवेल. बुडालेली भेट लगेचच्या शनिवारी भरून दिली जाईल. दर बुधवारी संध्याकाळी ७.३० ते ८ व्हिडिओ कॉल होईल.’

सणांचंही असंच. ‘सण वाटून घ्यावेत’ असं मोघम लिहिलं की गणपतीत हमखास तंटा होतो, कारण दोन्ही घरी मूर्ती एकाच दिवशी बसते. सम वर्षी स्थापनेचा दिवस आईकडे आणि विसर्जन वडिलांकडे, विषम वर्षी उलट, असं स्पष्ट ठरवा. दीड दिवसाचा गणपती असेल तर तासही लिहा. दिवाळीची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकानुसार निम्मी-निम्मी, लक्ष्मीपूजन आलटूनपालटून. मे महिन्यात पहिला पंधरवडा कुणाकडे, हे नक्की करा. मुलाचा वाढदिवस ज्याच्याकडे नसेल त्याला त्या दिवशी दोन तास.

मूल तीन वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा मुक्काम नको, आधी दोन-तीन तासांच्या भेटी, मग पूर्ण दिवस, मग मुक्काम अशी चढती व्यवस्था लिहिता येते. ती वयानुसार आताच लिहून ठेवली तर दर दोन वर्षांनी कोर्टात यावं लागत नाही. आजी-आजोबांची भेटही त्यातच घाला.

बहुतेक मसुद्यांत राहून जाणाऱ्या गोष्टी अशा: शाळेच्या नोंदीत दोघांची नावं व फोन राहतील, प्रगतिपुस्तक आणि पालकसभा दोघांना खुली असेल, शस्त्रक्रियेसारखा निर्णय दोघं मिळून घेतील, शहर बदलायचं असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवलं जाईल, मुलाच्या पासपोर्टवर सही कोण करेल आणि परदेशी नेण्यासाठी दुसऱ्याची लेखी परवानगी लागेल की नाही. परदेशात राहणाऱ्यांसाठी शेवटची ओळ फारच महत्त्वाची आहे. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे मूल परत आणण्याचा त्या करारातला मार्ग इथे उपलब्ध नाही. तसंच परदेशी कोर्टाचा एकतर्फी घटस्फोट भारतात मानला जाईलच असं नाही.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो बदलून मागता येतो.

मुलाची पोटगी

मुलाचा आकडा पत्नीच्या पोटगीत मिसळू नका. दोन्ही रकमा वेगळ्या लिहा. पत्नीने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही. ‘मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही’ हे कलम मुलाला बांधून ठेवत नाही.

‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा नियम म्हणून सांगितला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात पत्नीसाठी तो आकडा योग्य धरला होता, मुलांसाठीचं कोष्टक म्हणून नव्हे. मुलासाठी खर्चापासून सुरुवात करावी. समजा, महिन्याला शाळेची फी ६,०००, व्हॅन १,८००, शिकवणी २,५००, खाणंपिणं ५,०००, कपडे-वह्यापुस्तकं १,२००, डॉक्टर-औषधं १,००० आणि घरभाड्यातला मुलाचा वाटा ५,०००. एकूण २२,५००. वडिलांच्या हातात ८०,००० आणि आईच्या हातात ४०,००० येत असतील तर दोनास एक या हिशेबाने वडिलांचे १५,००० होतात. कोर्टावर हे सूत्र बंधनकारक नाही, पण पावत्यांसह मांडलेला असा तक्ता तोंडी मागणीपेक्षा खूप जास्त टिकतो. भाड्याचा वाटा धरायला लोक सर्रास विसरतात.

मग वाढीचं कलम: दर दोन वर्षांनी दहा टक्के, म्हणजे १५,००० चे १६,५००. हे नसेल तर पाचवीतला आकडा दहावीतही तोच राहतो आणि वाढीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. वडील फी थेट शाळेत भरणार असतील तर ती या रकमेत धरली आहे की वेगळी, हे लिहा. आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरणार, तेही.

आणि अठरा वर्षांनंतरचं काय? पोटगीच्या तरतुदी मुख्यतः अज्ञान मुलांसाठी आहेत. अविवाहित मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार मिळतो, मुलग्याला शिक्षणासाठी तितका सरळ आधार नाही. कॉलेजचा खर्च तर तेव्हाच सुरू होतो. म्हणून ‘पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाच्या २३ वर्षांपर्यंत, जे आधी होईल तोवर, फी व वसतिगृहाचा निम्मा खर्च’ असं आताच मान्य करून घ्या. एकरकमी पैसे मिळणार असतील तर मुलाचा भाग त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत ठेवा.

पैसे बँकेतून, ठरलेल्या तारखेला, शेऱ्यात ‘मार्च पोटगी’ असं लिहून द्या. रोख देऊ नका. दिलेले पैसे पुढे सिद्ध करता येत नाहीत.

पैसे थांबले किंवा भेट नाकारली तर

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच: भेट देत नाही म्हणून पोटगी बंद करणं किंवा पोटगी थकली म्हणून भेट नाकारणं. कोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या धरतं. एक मोडली म्हणून दुसरी मोडायचा अधिकार मिळत नाही.

पोटगी थकली तर दरखास्त दाखल करा. आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा (पूर्वीचं १२५) असेल तर प्रत्येक हप्त्याच्या वसुलीचा अर्ज तो देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो, नाहीतर त्या मार्गाने तो हप्ता वसूल होत नाही. न भरणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी रक्कम माफ होत नाही. नोकरी गेली म्हणून देणं स्वतःहून थांबवू नका. लगेच रक्कम कमी करण्याचा अर्ज करा. आदेश बदलेपर्यंत जुना आकडा चढतच राहतो.

भेट नाकारली तर प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि पाठवलेला मेसेज जपून ठेवा आणि कोर्टात अर्ज करा. पोलीस घेऊन दारात जाऊ नका. ते दृश्य मुलाच्या मनात राहतं.

समोरचा संमतीला तयारच नसेल तरी मुलाचा खर्च अडून राहत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ किंवा वर सांगितलेल्या कलम १४४ खाली अंतरिम पोटगी, म्हणजे अंतिम निकालापर्यंतची पोटगी, मागता येते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून अर्ज लांबवू नका. स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

निकालानंतर हुकूमनाम्याच्या, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या, तीन-चार प्रमाणित नकला एकदमच काढा आणि कोर्ट सोडण्याआधी नावांचं स्पेलिंग, मुलाची जन्मतारीख आणि अटींची सगळी पानं जोडली आहेत का, हे तपासा. पासपोर्ट कार्यालय, शाळा आणि बँक तिन्हीकडे हीच नकल मागतात, आणि चूक राहिली तर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.