इंडोनेशियन क्रिसचे वय आणि घडण कशी पारखावी

कोल्हापुरात दसऱ्याला पूजल्या जाणाऱ्या जुन्या तलवारी, कट्यारी आणि बिचवे पाहून ज्यांची नजर तयार झाली आहे, त्यांनी जावा किंवा बालीचा क्रिस, म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर, पारखताना सवयीचे निकष थोडे बाजूला ठेवावेत. क्रिसचे म्यान आणि मूठ पिढ्यानुपिढ्या बदलली जात असल्याने नव्या म्यानात जुने पाते आणि जीर्ण म्यानात नवे पाते सर्रास आढळते; वय ठरवायचे ते पात्यावरूनच.

पाते दिवसाच्या उजेडात तिरपे धरावे. आपल्या जौहरदार तलवारीवरील नक्षी मुशीत तयार झालेल्या पोलादाच्या अंतर्गत रचनेतून उमटते, तर क्रिसवरील ‘पामोर’ साध्या आणि निकेलयुक्त लोखंडाचे थर तापवून, ठोकून, दुमडून साधलेला असतो. या थरांच्या मध्ये पोलादाचा गाभा असतो आणि तो धारेलगत नक्षीविना काळसर पट्टीसारखा दिसतो. ही पट्टी कुठेच नसेल आणि नक्षी पात्याच्या चढउतारांप्रमाणे वळत नसेल, तर ती आम्लाने वरवर उठवल्याचा संशय घ्यावा. विक्रेता ‘उल्केचे लोखंड’ म्हणाला म्हणून किंमत वाढवून देऊ नये. जावातील प्रंबानन येथील उल्कालोह सुराकार्ताच्या राजवाड्यात नेले गेले हे खरे. पण सुलावेसी बेटाच्या लोखंडातही निकेल असते, त्यामुळे केवळ निकेल सापडल्याने उल्का सिद्ध होत नाही.

त्यानंतर पात्याच्या तळाचा, मुठीलगतचा ‘गन्जा’ भिंगातून पाहावा. हा बहुधा वेगळा घडवून बसवलेला तुकडा असतो. काही अस्सल पात्यांत तो अखंडही असतो, त्यामुळे सांधा नसणे हा दोष नव्हे. नुसती रेघ ओढून सांध्याचा भास केलेला असेल, तर मात्र ते पाते सोडून द्यावे.

झीज हा सर्वांत बोलका पुरावा आहे. जावात पाती लिंबाच्या रसाने धुऊन त्यांवर सोमलाचा (आर्सेनिकचा) हात देतात. वर्षानुवर्षांच्या या धुण्याने मऊ थर आधी झिजतात, कडा पातळ व असमान होतात आणि निकेलचे थर बोटाला किंचित उंच लागतात. आम्लात बुडवून जुने केलेल्या पात्यावर मात्र खोलगट, सुरक्षित जागांतही सारखेच खड्डे पडलेले असतात. सोमल विषारी असल्याने हातमोजे घालूनच पाते हाताळावे.

मूठ हस्तिदंताची म्हणून दाखवली, तर तिच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा शोधाव्यात. हाडावर त्याऐवजी बारीक काळे ठिपके दिसतात. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, हेही ध्यानात असावे. पाते शिकलगाराकडे घासायला तर मुळीच देऊ नये, कारण सोमलाने आलेला काळा रंग त्यात जातो आणि वय वाचण्याजोगा पृष्ठभागही नाहीसा होतो.