प्रस्ताव एआयकडून लिहून घेताय? आकडे मात्र स्वतः भरा

सामाजिक संस्थेच्या निधीसाठीचा प्रस्ताव चॅटजीपीटीकडून लिहून घेताना लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, मुलांचे फोटो चॅटमध्ये टाकू नका. आकड्यांच्या जागा रिकाम्या सोडायला सांगा आणि त्या आपल्या रजिस्टरमधून हाताने भरा. नाहीतर ते बिनदिक्कत टक्केवारी रचून देतं. (वाचायला ती फार छान वाटते, हाच घोळ.)

नियमही तपासा. एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावरही बंदी आली. जुन्या मजकुरावर पोसलेलं उत्तर नेमकं इथे घसरू शकतं.

भाषा गुळगुळीत झाली असेल तर कार्यकर्तीचं एखादं खरं वाक्य, तिला विचारून, जसंच्या तसं घाला. एआय वापरलं का, असं निधी देणाऱ्यांनी विचारलं तर सरळ हो म्हणा.